वेग, संशय आणि फुरसुंगीचा फेणे

(मुळशी तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

समोर पहिल्या दोन रांगांत मुलं बसली आहेत, त्यांच्या मागे त्यांचे पालक, आणि सगळ्यात मागे, पंख्याखाली, माझ्या वयाची माणसं. (हशा) याच क्रमानं बोलायचा प्रयत्न करतो.

मला आमंत्रण द्यायला दोन तरुण मुलं घरी आली होती. त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, फास्टर फेणे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, सरांना ऐकायला कमी येतं. त्यातला एक जरा मोठ्यानं म्हणाला, "सर, तुम्ही न्यायदर्शनावर बोलावं असं मंडळाचं म्हणणं आहे." मी म्हटलं, अरे, मी त्यावरच बोलणार आहे. फेणेच्या वाटेनं गेलं तर मुलं झोपणार नाहीत आणि पालकही जागे राहतील, एवढाच फरक. आता हे कसं जमतं ते बघू.

ज्यांना फेणे माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. मुलांपैकी किती जणांनी वाचलाय? पाच… सात. आणि सिनेमा पाहिलेले? हं, बरेच. ठीक आहे. तर याचं खरं नाव बनेश फेणे, लाडानं बन्या. गाव फुरसुंगी. शिकायला पुण्यात, विद्याभवन नावाच्या शाळेत. अंगानं काटकुळा, बुडाखाली सायकल, आणि काही सुचलं की किंवा अंगात उत्साह संचारला की जीभ टाळूला लावून एक आवाज काढतो, ट्टॉक्! काढा बघू सगळ्यांनी. (मुलं आवाज काढतात) वा. हा आवाज लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

तुम्ही पुण्याच्या पश्चिमेला, फुरसुंगी पुण्याच्या पूर्वेला, हडपसरच्या पुढे. आज ते नाव वर्तमानपत्रात बहुतेक वेळा कचरा डेपोच्या बातमीत येतं. पण माझ्यानंतरच्या दोन पिढ्यांच्या मराठी मुलांना फुरसुंगी म्हटलं की आधी एक मुलगा आठवायचा. एखाद्या लेखकानं एखाद्या गावाला याहून जास्त काय द्यावं?

लेखक भा. रा. भागवत. जन्म १९१० चा, इंदूरचा. २००१ मध्ये गेले. 'बालमित्र' नावाचं मुलांचं मासिक त्यांनी चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, बिपिन बुकलवार नावाचा एक पुस्तकवेडा मुलगा उभा केला, आणि फेणेची वीसेक पुस्तकं लिहिली. पुढे १९८७ मध्ये दूरदर्शनवर त्याची मालिका आली, सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ मध्ये सिनेमा आला, अमेय वाघचा. म्हणजे या मुलाचं आयुष्य चांगलंच लांबलं. साहसकथेतल्या मराठी मुलांत इतकं कुणी टिकलेलं मला तरी दिसत नाही.

आता त्या पुस्तकांची नावं ऐका. 'फास्टर फेणे टोला हाणतो'. 'आगे बढो फास्टर फेणे'. 'विमानचोर विरुद्ध फास्टर फेणे'. 'प्रतापगडावर फास्टर फेणे'. आपल्या गंभीर कादंबऱ्यांची नावं बहुधा नामं असतात, एखादा भारदस्त शब्द मुखपृष्ठावर मधोमध ठेवलेला. इथे 'टोला हाणतो' हे सरळ क्रियापद आहे, वर्तमानकाळी. पुस्तक उघडायच्या आधीच काहीतरी सुरू झालेलं असतं आणि आपल्यालाच उशीर झालेला असतो.

आणि तो 'फास्टर' शब्द. फास्ट नाही, फास्टर. हे तुलनेचं विशेषण आहे, म्हणजे कुणाच्या तरी तुलनेत अधिक वेगवान. कुणाच्या? फ ला फ जुळतो म्हणून हे नाव कानाला गोड लागतं हे खरंच, पण मला हा प्रश्न बरेच दिवस चावत होता. फेणे फास्टर आहे तो कुणापेक्षा? माझं उत्तर थोड्या वेळानं सांगतो. तुम्हीही तोवर तुमचं शोधून ठेवा.

मी ही पुस्तकं उशिरा वाचली, फार उशिरा. लहानपणी हाती लागली नाहीत आणि मोठेपणी मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होतो. (हशा) हसू नका, त्या काळी आमच्या विभागात वेगाला फारशी इज्जत नव्हती. एकेका वाक्यावर आठवडा काढणं याला आम्ही वाचन म्हणायचो. माझी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना मांडीवर फेणे घेऊन बसायची, जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. एक दिवस मी म्हणालो, "हे भराभर संपणारं वाचन पुरे, आता काहीतरी सकस वाच." आणि एक जाडजूड चरित्र तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं फेणे सोडला. चरित्रही वाचलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती परीक्षेपलीकडे काही वाचत नव्हती आणि मी चारचौघांत 'हल्लीची मुलं वाचत नाहीत' यावर बोलत होतो.

अशा वेगवान पुस्तकांवरचे ठरावीक आक्षेप तुम्हाला पाठ असतील. मुलं शब्दांवरून घसरत जातात, पुढे काय झालं एवढंच बघतात, सगळी पुस्तकं सारखीच असतात. पहिल्या दोन आक्षेपांना माझं उत्तर ॲरिस्टॉटलच्या आडून देतो, कारण त्याला कुणी उथळ म्हणत नाही. शोकांतिकेविषयी लिहिताना त्यानं कथानकाला तिचा आत्मा म्हटलं आणि स्वभावचित्रणाला दुसऱ्या जागी बसवलं. 'पुढे काय' हा प्रश्न त्याला बालिश वाटला नव्हता. तिसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायला तर ग्रीसला जायचीही गरज नाही, आपल्या देवळात कीर्तन ऐकलं की पुरतं. उत्तररंगात बुवा आख्यान लावतात. ते सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. शेवटी भक्त वाचणार हे मागच्या खांबाला टेकून पेंगणाऱ्या आजीलाही ठाऊक असतं, तरी बुवा ऐन प्रसंगात थांबून अभंग म्हणू लागले की तीच आजी डोळे उघडते. फेणे सुटणार हे वाचणाऱ्या पोराला पहिल्या पानापासून माहीत आहे, कारण पुढचं पुस्तक कपाटात त्याला दिसतंय. सुटतो की नाही हा त्याचा प्रश्नच नसतो. कसा सुटतो, हा असतो. आणि 'कसा' हा प्रश्न, मंडळी, शास्त्राचा प्रश्न आहे.

असो. आक्षेपांवर मी फार वेळ घालवणार नाही. मला ज्यासाठी इथे उभं राहावंसं वाटलं ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती सांगायला मला जरा जड जातं.

२०१८ सालचा जून महिना. आम्ही तोवर या तालुक्यात राहायला आलो होतो, शहराच्या कडेला ज्या नव्या सोसायट्या झाल्या त्यातल्या एकीत. त्या दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप फिरत होते, मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. तुम्हाला आठवत असेल. कुठला तरी व्हिडिओ, कुठले तरी फोटो, 'सावध राहा, पुढे पाठवा'. माझा नातू तेव्हा चौथीत, सुट्टी संपवून शाळा नुकतीच सुरू झालेली. एका सकाळी सोसायटीच्या गटावर एक फोटो आला. फाटकापाशी एक माणूस, खांद्यावर मोठं गाठोडं, डोक्याला मळका टॉवेल. खाली लिहिलेलं, 'हा कालपासून फिरतोय, मुलांकडे बघतोय.' मी तो फोटो आणखी दोन गटांवर पाठवला. एका क्षणात. चहाचा कप दुसऱ्या हातात होता, तो खालीसुद्धा ठेवला नाही.

त्या माणसाला फाटकाच्या खोलीत दोन तास बसवून ठेवलं होतं. चारपाच जण भोवती. नंतर पोलीस आले, त्यांनी गाठोडं सोडलं. आत स्टीलचे डबे, वाट्या आणि जुने कपडे. जुन्या कपड्यांवर भांडी देणारा माणूस होता तो. 'मुलांकडे बघतोय' म्हणजे काय, तर कुठल्या घरात लहान मुलं आहेत तिथे आखूड झालेले कपडे निघतात, हे त्याच्या धंद्यातलं साधं गणित. पोलिसांनी त्याला सोडलं. तो गाठोडं बांधून गेला. त्याची माफी कुणी मागितल्याचं मला माहीत नाही. मी तर खालीही उतरलो नव्हतो.

१ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूरकडची, भिक्षा मागून पोट भरणारी भटकी माणसं होती ती. मुलं पळवणारे असल्याच्या संशयावरून मारलं. संशयावरून. बातमीत हाच शब्द होता आणि मी तो शब्द तीस वर्षं शिकवलेला होता.

पावसाच्या त्या दिवसांत नातवाला शाळेला सुट्टी मिळायची, ताम्हिणीकडून पाऊस सुरू झाला की इथे रस्ते बंद होतात हे तुम्हाला सांगायला नको. त्यानं मुलीच्या जुन्या पेटीतून फेणेची पुस्तकं काढली होती. मला वाचून दाखवायला सांगितलं. नाही म्हणायची ताकद नव्हती. अशी मी ती पुस्तकं पहिल्यांदा वाचली, मोठ्यानं, पासष्टी उलटल्यावर, आणि डोक्यात तो गाठोडंवाला माणूस.

आता न्यायदर्शनाकडे येतो. घाबरू नका, पाचच मिनिटं.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अगदी आरंभी सोळा पदार्थांची यादी आहे. पदार्थ म्हणजे इथे वडा-पाव नव्हे, (हशा) ज्ञान होण्यासाठी ज्यांची नीट ओळख हवी अशा गोष्टी. त्यात तिसरा आहे संशय. दोष म्हणून नाही हं, मानाचा सदस्य म्हणून. संशयाशिवाय शोधच सुरू होत नाही, ज्याला सगळं पक्कं ठाऊक आहे तो कशाला उठून बघायला जाईल? आणि निर्णय कितवा? नववा. मधे पाच जण उभे आहेत. प्रयोजन, म्हणजे मला हे कशासाठी जाणून घ्यायचंय. दृष्टान्त, म्हणजे दोघांनाही मान्य असलेलं उदाहरण. सिद्धान्त. अवयव, म्हणजे युक्तिवादाची एकेक पायरी. आणि तर्क, म्हणजे 'असं नसतं तर काय दिसलं असतं' हे तपासणं. तिसऱ्यावरून नवव्यावर उडी मारायची सोय त्या यादीत नाही. माझ्या अंगठ्यानं ती उडी चहा गार व्हायच्या आत मारली होती.

आता संशय म्हणजे काय, हे शास्त्रकार कसं समजावतात? संध्याकाळची वेळ आहे. दूर काहीतरी उभं दिसतंय. खांब आहे की माणूस? उंची दोघांनाही लागू पडते. हात दिसत नाहीत, ढोलीही दिसत नाही. मन या टोकावरून त्या टोकावर जातंय. याला संशय म्हणायचं. लक्षात घ्या, त्याला दोन टोकं आहेत, आणि दोन्ही खरी असू शकतात. आता आपल्या घरगुती मराठीतला संशय आठवा. 'मला त्याचा संशय येतो.' 'संशयी नवरा.' 'संशयित ताब्यात.' इथे दुसरं टोक कुठे आहे? 'तो चोर आहे की नाही' असा तो संशय नसतोच. तो चोर आहे हे ठरलेलं असतं, फक्त पुरावा यायचा असतो. शब्द तोच राहिला आणि त्याचं एक टोक कुणीतरी कापून नेलं. शास्त्रातला संशय हा प्रश्न आहे. आपला संशय ही बारीक आवाजात सुनावलेली शिक्षा आहे.

तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमानाचं सगळ्यात जुनं उदाहरण. फाल्गुन-चैत्रात तुमच्या डोंगरांवर वणवे लागतात तेव्हा ते शंभर टक्के बरोबर असतं. पण आषाढात त्याच डोंगरावर जे पांढरं वर चढताना दिसतं ते धुकं असतं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. धुक्याला धूर समजून केलेलं अनुमान चूक, असं शास्त्रकार स्पष्ट सांगतात, कारण हेतूच खोटा. पण कसं कळणार? त्यांचंही उत्तर तेच, तुमच्या गावातल्या गुराख्याचंही तेच. जवळ जाऊन बघा.

आणि इथे माझा फेणे येतो. जवळ जाऊन बघणं हाच त्याचा सगळा धंदा.

या पुस्तकांचा साचा म्हणून काढायचा तर तो साधा आहे. मुलगा कुठेतरी जात असतो. काहीतरी खटकतं. एखादा आवाज, एखादी नको तिथे असलेली वस्तू, एखाद्याचं वागणं. मग तो आवाज, ट्टॉक्. आणि मग सायकलवर टांग. मी मोठ्यानं वाचत होतो म्हणून मला ते लक्षात आलं, मनात वाचताना कदाचित निसटलं असतं. ट्टॉक् म्हणताना वाचणाऱ्याला थांबावंच लागतं. जीभ टाळूला लावून तुम्ही पुढचा शब्द उच्चारूच शकत नाही, करून बघा. सुसाट धावणाऱ्या गद्यात भागवतांनी पेरलेला तो एक छोटासा थांबा आहे. कुणी म्हणेल, लकब आहे, मुलांना गंमत वाटावी म्हणून दिलेली. असेल. लेखकानं ठरवून केलं असा माझा दावा नाही. पण खटकणं आणि धावणं यांच्या मधे एक आवाज आहे, आणि त्या आवाजात 'तो चोर आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही. 'अरेच्चा, हे काय?' एवढंच आहे. दोन्ही टोकं शाबूत.

दुसरी गोष्ट सायकलची. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचा हा नायक. सायकलचा वेग मजेशीर असतो. तो पायातून येतो, म्हणून दमवतो. काच नसते, म्हणून कान उघडे राहतात. आणि थांबायचं झालं की एक पाय जमिनीला टेकवला, झालं. मी जो फोटो पुढे पाठवला त्याला यातलं काही नव्हतं, ना दम, ना कान, ना टेकवायला पाय. वेगवान पुस्तकं वाचून मुलं उतावळी होतात म्हणणाऱ्यांना मी आता विचारतो, कुठल्या वेगाबद्दल बोलताय?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती मांडायला मला शास्त्रात नेमकी जागा सापडली नाही. फेणेला संशय आला की त्याची किंमत फेणे भरतो. संशय आला म्हणून तो जातो, लपतो, पाठलाग करतो, पकडला जातो, कुठेतरी कोंडला जातो, मार खातो, उपाशी राहतो. त्याचा अंदाज चुकला तर हसं त्याचं होतं, हाडं त्याची मोडतात. संशय घेणारा आणि सोसणारा एकच. आमच्या सोसायटीत संशय मी घेतला आणि दोन तास त्या माणसाचे गेले. राईनपाड्यात संशय घेणारे शेकडो होते आणि सोसणारे पाच. म्हणून तो मघाचा प्रश्न, फेणे कुणापेक्षा फास्टर? माझं उत्तर असं, की तो स्वतःच्या निर्णयापेक्षा फास्टर आहे. त्याचे पाय आधी पोचतात, त्याचा निर्णय मागून येतो. माझा निर्णय आधी पोचला होता आणि पाय तर निघालेच नव्हते.

आता इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, सरांनी फेणेची आरतीच लावली. तसं नाही. समीक्षा करायला उभा आहे तर खटकलेलंही सांगितलं पाहिजे. एक तर योगायोग फार. जिथे गुन्हा तिथे हा मुलगा हजर, मग ते पुणं असो नाहीतर गुलमर्ग. मुलांना याचं काही वाटत नाही, मलाही तिसऱ्या पुस्तकानंतर वाटेनासं झालं. मुली कमी. नात्यातली बहीण माली आहे, चांगली चुणचुणीत आहे, पण पुस्तकाच्या नावात टोला हाणायची पाळी तिच्यावर येत नाही. माझ्या मुलीला लहानपणी हे जाणवलं होतं का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मी फेणेच होते, मला मालीची गरज नव्हती." हे उत्तर चांगलं आहे, पण प्रत्येक मुलीला एवढं जमेलच असं नाही.

खरा दोष पुढचा आहे, आणि तो माझ्या मुद्द्याच्या मुळावर येतो. त्या काळच्या एकूण साहसकथांत दुर्जन दुरून ओळखू येतो. त्याचा चेहरा, पेहराव, नजर, आवाज, सगळं आधीच साक्ष देऊन मोकळं झालेलं असतं. एनिड ब्लायटनबाईंच्या गोष्टींत परदेशी आणि भटके लोक कसे येतात ते आज वाचताना कानकोंडं व्हायला होतं. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, तिथेही एवढ्या वेगात दुर्जनाचं अंतरंग उलगडत बसायला सवड कुणाला होती? फेणेही या सवयीतून पुरता सुटलेला नाही. जिथे जिथे एखाद्या माणसाच्या नुसत्या दिसण्यावरून फेणेला वास येतो आणि तो वास पुढे खरा ठरतो, तिथे पुस्तक माझ्या दृष्टीनं घसरतं. कारण मुलाला तिथे धडा मिळतो तो गाठोडंवाल्याच्या फोटोचाच. याउलट जिथे एखादी वस्तू खटकते, घटनांचा क्रम जुळत नाही, कुणाच्या बोलण्यात विसंगती सापडते, तिथे तेच पुस्तक उंच जातं. नातवाबरोबर वाचताना आम्ही मग खेळच सुरू केला. फेणेला संशय आला की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, हा संशय कशावरून? वस्तूवरून की चेहऱ्यावरून? चेहऱ्यावरून असेल तर फेणेचा एक गुण कापायचा. नातू फार कडक परीक्षक निघाला. एका पुस्तकात त्यानं फेणेला नापास केलं. (हशा)

सिनेमाबद्दल एक शब्द, कारण तुम्ही बऱ्याच जणांनी तो पाहिलाय. आदित्य सरपोतदारांचा तो फेणे मोठा झालेला आहे, वैद्यकीय प्रवेश परीक्षेला आलेला. त्यात सायकल कमी, तंत्रज्ञान जास्त. दिलीप प्रभावळकर साक्षात भा. रा. भागवत म्हणून येतात, ती कल्पना मला आवडली. पण माझ्या मुद्द्याच्या दृष्टीनं सिनेमाचा आरंभ बघा. एका मुलाचा मृत्यू झालाय. सगळ्यांनी आत्महत्या म्हणून निर्णय देऊन टाकलाय. फेणे एकटा म्हणतो, थांबा, दुसरंही टोक आहे. म्हणजे सिनेमातसुद्धा त्याचं पहिलं काम निर्णय मागे ढकलायचं आहे. पुढे मारामाऱ्या होतात, त्या मी डोळे मिटून पाहिल्या.

आणि सिनेमाचं निघालंच आहे तर, तुमच्या तालुक्याचं नाव उभ्या महाराष्ट्राला ज्या सिनेमानं पोचवलं तो 'मुळशी पॅटर्न', तोही २०१८ चाच. तोही वेगवानच. जमिनी गेल्या आणि पोरं कुठल्या वाटेला लागली याची गोष्ट. त्यानंतर पुण्यात कुठे 'मुळशीचा मुलगा' म्हटलं की समोरच्याच्या भुवया जराशा वर जातात, असं इथल्याच काही तरुणांनी मला सांगितलं. म्हणजे बघा, गाठोडं नसलं तरी चालतं, गावाचं नाव पुरतं. या खोलीत बसलेल्या मुलांपैकी कुणीतरी उद्या वसतिगृहाच्या दारात उभा असेल आणि त्याच्याकडे कुणीतरी एकाच टोकाचा संशय घेऊन बघेल. तेव्हा त्यानं काय करावं हे फेणे सांगत नाही. फेणे नेहमी बघणाऱ्याच्या बाजूनं उभा असतो, बघितल्या जाणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं फेणेचं पुस्तक नाही. ती उणीव आहे. गाठोडंवाल्याच्या मुलाला नायक करून त्याच वेगात, तितक्याच गमतीत कुणी गोष्टी लिहिल्या तर मी त्या रांगेत उभा राहून विकत घेईन.

हं, मागून कुणीतरी हात वर केलाय. बोला.

(श्रोत्यांतून: सर, मुलांनी जवळ जाऊन बघावं असं तुम्ही म्हणता. पण खरोखरच मुलं पळवणारा असला तर? आम्ही मुलांना सांगतो, अनोळखी माणसाच्या जवळ जायचं नाही.)

ताई, प्रश्न अगदी योग्य आहे आणि तुम्ही मुलांना सांगता तेही योग्य आहे. चौथीतल्या मुलानं पाठलाग करू नये. पुस्तकात तो करतो कारण पुस्तकात त्याच्या मागे लेखक उभा असतो. पण जवळ जाणं म्हणजे अंगावर जाणं नव्हे. त्या दिवशी मी काय करू शकलो असतो? दोन जिने उतरू शकलो असतो. "बाबा, कुठले तुम्ही? काय आहे गाठोड्यात?" एवढं विचारू शकलो असतो. तेवढ्यानं कळलं नसतं तर पोलिसांना मीच फोन केला असता आणि ते येईपर्यंत त्या माणसाशेजारी बसलो असतो, त्याला पाणी दिलं असतं. त्यात माझ्या जिवाला धोका काय होता? गुडघे दुखले असते. मुलांना आपण सावधपणा शिकवतोच. पण मोठ्या माणसानं मुलांदेखत खाली उतरून विचारलं, तर मुलं तेही बघतात.

(मुलांमधून: आजोबा, आधी कुठलं वाचायचं?)

कुठलंही. क्रम लागत नाही, तो या पुस्तकांचा मोठा गुण आहे. मी मघाशी आत कपाट बघून आलो. तुमच्या वाचनालयात फेणेची नऊ पुस्तकं आहेत. 'प्रतापगडावर' आहे, 'चिंकू चिंपांझी' आहे, त्याची पाठ निघालीय, कुणीतरी डिंक लावा. 'टोला हाणतो' नोंदवहीत आहे पण कपाटात नाही. ज्यानं कुणी नेलं असेल त्याच्यावर माझा संशय वगैरे काही नाही, (हशा) वाचून झालं की आणून द्यावं. माझ्या मुलीच्या पेटीतली अकरा मी पुढच्या रविवारी घेऊन येतो. दोनचार तीच तीच निघतील, तर ती दोघांनी एकदम वाचा.